सोडा, ॲसिड आणि सडक्या अंड्यांचा वास: विडनेस गावाची गोष्ट

लिव्हरपूलहून मर्सी नदीच्या काठाकाठाने वर वीसेक किलोमीटर गेलं की विडनेस लागतं. इंग्लंड फिरायला गेलेला माणूस इथे उतरत नाही, उतरायचं तसं कारणही नाही. रग्बी लीग बघणाऱ्यांना नाव माहीत असतं, त्या टीमचं अधिकृत नाव आज 'व्हायकिंग्ज' आहे पण जुनं नाव 'केमिक्स', आणि ते नाव एखाद्या मार्केटिंगवाल्याने बसवलेलं नाही, गावात बहुतेक सगळेच केमिकलच्या कारखान्यात कामाला म्हणून पडलेलं आहे. १८८८ मध्ये या गावाबद्दल लिहिलं गेलं होतं की इंग्लंडमधलं सगळ्यात घाणेरडं, कुरूप आणि मन खचवणारं गाव ते हेच. आणि त्याच्या चाळीसेक वर्षं आधी तिथे काय होतं, तर शेतं, नदीकाठची दलदल आणि फार्नवर्थ, ॲपलटन अशा विखुरलेल्या वाड्या.

चाळीस वर्षांत एवढं काय झालं? तर धुण्याचा सोडा झाला. आपल्याकडे किराणा दुकानात मिळायचा तोच, सोडियम कार्बोनेट. हे प्रकरण नीट कळायला थोडी केमिस्ट्री लागेल, पण घाबरू नका, दहावीच्या वरची नाही. आणि एक आधीच सांगून ठेवते, विडनेसबद्दल वाचताना मला सारखं वाटत राहिलं की या गावाने माल काय विकला हे दुय्यम आहे, मालाबरोबर जी घाण निघाली तिचं कोणी काय केलं यावरच गावाचा सगळा इतिहास चाललाय.

तर सोडा. काच बनवायला सोडा, साबणाला सोडा, कापड धुवायला-ब्लीच करायला सोडा, कागदाला सोडा. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये कापडाच्या गिरण्या वाढल्या तसा सगळ्यांना सोडा हवा झाला, आणि तो मिळायचा कुठून तर झाडं जाळून. स्पेनमध्ये खाऱ्या जमिनीत वाढणारी झुडपं जाळायची, स्कॉटलंडला समुद्री शेवाळ जाळायचं, त्या राखेतून जो क्षार निघेल तो सोडा. किती झाडं जाळणार? फ्रान्सचीही हीच अडचण होती, तिथल्या विज्ञान अकॅडमीने बक्षीस लावलं की साध्या मिठापासून सोडा करून दाखवा. निकोला लब्लाँ नावाच्या डॉक्टरने ते करून दाखवलं आणि १७९१ मध्ये पेटंट घेतलं. बिचाऱ्याला बक्षीस मिळालंच नाही, मधे राज्यक्रांती झाली, कारखाना जप्त झाला, आणि १८०६ मध्ये त्याने आत्महत्या केली. पण पद्धत उरली आणि ती सगळ्यात जास्त वापरली इंग्रजांनी.

पद्धत अशी. मीठ घ्या, त्यावर सल्फ्युरिक ॲसिड ओता आणि तापवा. मिठातलं सोडियम सल्फेट होऊन बसतं, कामगार त्याला सॉल्टकेक म्हणायचे, आणि क्लोरीनचा भाग हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू होऊन वर उडून जातो. मग तो सॉल्टकेक दगडी कोळसा आणि चुनखडीबरोबर भट्टीत भाजा, त्यातून काळा गोळा निघतो, त्याचं नाव ब्लॅक ॲश. तो पाण्यात भिजवला की सोडा विरघळून पाण्यात येतो, पाणी आटवलं की झाला माल तयार. तळाशी जो गाळ राहतो तो मुख्यतः कॅल्शियम सल्फाइड, त्याला या भागात म्हणतात गॅलिगू. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता हिशोब बघा. ८ टन सोडा केला की त्याबरोबर साधारण ५.५ टन हायड्रोक्लोरिक ॲसिड वायू आणि ७ टन गॅलिगू निघायचा. म्हणजे जेवढा माल त्याच्या दीडपट घाण. एक घाण हवेत जाते, दुसरी जमिनीवर पडून राहते. धंद्याचा स्वभावच असा असल्यावर कारखाना कुठे टाकायचा हा प्रश्न फक्त कच्च्या मालाचा राहत नाही, शेजारी कोण राहतं तेही बघावं लागतं.

इंग्लंडमध्ये हा धंदा सुरुवातीला चालत नव्हता कारण मिठावर जबरदस्त कर होता. तो १८२० च्या दशकात आधी कमी केला आणि १८२५ मध्ये काढूनच टाकला (स्वतःच्या देशात काढला, आपल्या देशात चालूच ठेवला, आणि वर चेशायरचं मीठ लिव्हरपूलहून जहाजात भरून कलकत्त्याला विकायला आणलं, हे जाता जाता). कर गेला आणि जेम्स मस्प्रॅटने लिव्हरपूलमध्ये मोठ्या प्रमाणावर लब्लाँ पद्धतीने सोडा करायला घेतला. शहराच्या मधे ॲसिडचा धूर सोडल्यावर जे व्हायचं ते झालं, लोक कोर्टात गेले. मस्प्रॅटने उंचच उंच चिमण्या बांधल्या, त्याने धूर कमी झाला नाही, फक्त लांब जाऊन पडायला लागला आणि तक्रार करणारे शेतकरी नवे मिळाले. थोडक्यात, या धंद्याला अशी जागा हवी होती जिथे कोळसा, मीठ, चुनखडी सगळं स्वस्तात पोचेल आणि ओरडणारं फारसं कोणी नसेल.

विडनेस अगदी तसं होतं. उत्तरेला सेंट हेलेन्सच्या कोळशाच्या खाणी. दक्षिणेला नदीपलीकडे चेशायरचं मीठ, वीव्हर नदीतून होड्यांनी थेट मर्सीत येणारं. चुनखडी वेल्सकडून. आणि १८३३ मध्ये सेंट हेलेन्सहून रेल्वे इथपर्यंत आली, काठावर असा डॉक बांधला की वाघिणीतला कोळसा तिथल्या तिथे जहाजात पडेल, जगातला अशा प्रकारचा हा पहिला डॉक असं म्हणतात. त्याच वर्षी सँकी कालवाही वाढवून इथे आणला. म्हणजे १८३३ ला एका बाजूला कालवा, एका बाजूला रेल्वे, समोर नदी, आणि मधल्या जमिनीवर कोणीच नाही. ही रिकामी जागा १८४७ मध्ये जॉन हचिन्सन नावाच्या बावीस वर्षांच्या पोराने हेरली आणि तिथे आपला सोड्याचा कारखाना टाकला.

हा हचिन्सन अकाली गेला, १८६५ मध्ये, चाळिशीच्या आसपास. पण तेवढ्यात त्याने नुसता कारखाना चालवला नाही, आजूबाजूची जमीनही घेत गेला आणि ती दुसऱ्या कारखानदारांना भाड्याने देत गेला. त्यामुळे एकामागे एक सगळे तिथेच आले. विल्यम गॉसेज १८५० मध्ये आला, पुढे साबणात पडला आणि निळ्या रेघांच्या साबणावर मोठा झाला. हेन्री डीकन आधी हचिन्सनकडेच मॅनेजर होता, मग १८५० च्या दशकात स्वतःचं सुरू केलं आणि हॉलब्रुक गॅस्केलला पार्टनर घेतलं. आणि हचिन्सनच्याच ऑफिसात १८६१ मध्ये जॉन ब्रनर नावाचा एक क्लार्क लागला, आणि पुढच्या वर्षी लुडविग माँड नावाचा एक जर्मन केमिस्ट येऊन कामाला लागला. या दोघांची तिथे ओळख झाली. हचिन्सन जिवंत असता तर या ओळखीचा त्याला पुढे पश्चात्ताप झाला असता, पण ते नंतर.

माणसं कुठून आली? आयर्लंडमध्ये बटाट्याचा दुष्काळ पडला होता, तिथून मोठ्या संख्येने आली. वेल्समधून आली. नंतर पोलंड आणि लिथुएनियातूनसुद्धा आली, म्हणजे विचार करा, बाल्टिकच्या कडेची माणसं लँकेशायरच्या सोड्याच्या भट्टीवर. दोनतीन हजार वस्तीचं ठिकाण पन्नास वर्षांत तीसेक हजारांचं गाव झालं.

काम कसलं होतं ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण केमिस्ट्रीच्या नादात ते राहून जातं. सॉल्टकेकच्या भट्टीवर जे असायचे ते दिवसभर ॲसिडच्या वाफेत उभे, आणि ॲसिड पहिल्यांदा खातं ते दात. पुढचे दात झिजून काळे पडायचे, पाव कडक असला तर चावता यायचा नाही. आणि त्याहून वाईट काम ब्लीचिंग पावडर पॅक करणाऱ्यांचं. शिसं मारलेल्या मोठ्या बुटक्या खोल्या असायच्या, जमिनीवर चुना पसरायचा, वरून क्लोरीन सोडायचा, चुना क्लोरीन पिऊन घेतो आणि त्याची ब्लीचिंग पावडर होते. मग दार उघडून माणसांनी आत जाऊन ती फावड्याने पिंपात भरायची. आत क्लोरीन शिल्लक असतोच. ही माणसं तोंडावर फ्लॅनेलच्या घड्यांवर घड्या घट्ट बांधायची, डोळ्याला गॉगल, उघड्या कातडीला चरबी चोपडायची, आणि श्वास तोंडाने आत घ्यायचा नाकाने बाहेर सोडायचा असलं काहीतरी शिकून घ्यायची. वायू जास्त झाला की माणूस तिथेच गुदमरून पडायचा. या वायूला कामगारांनी नाव ठेवलं होतं 'रॉजर', जणू शेजारच्या गल्लीतला कोणी दांडगट आहे.

आता पहिली घाण, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू. हा सुरुवातीला सरळ चिमणीतून सोडून द्यायचे. पाऊस पडला की तो ॲसिड होऊन खाली यायचा, झाडं करपायची, कुंपणं मरायची, खिडक्यांचे बिजागर गंजायचे. गंमत म्हणजे यावरचा उपाय आधीच सापडला होता आणि तो याच गॉसेजने काढला होता, विडनेसला यायच्या आधी, १८३६ मध्ये. उंच मनोरा, आत काटक्या-झुडपं ठासून भरलेली, वरून पाणी झिरपत सोडायचं, खालून वायू. काटक्यांमुळे पाणी आणि वायूला भेटायला भरपूर जागा मिळते आणि हा वायू पाण्यात झटकन विरघळतो. पहिला प्रयोग त्याने एका पडक्या पवनचक्कीत केला म्हणतात. आजही केमिकल इंजिनियरिंगच्या पोरांना पॅक्ड टॉवर शिकवतात ना, त्याच्या पूर्वजांतला हा एक.

उपाय होता पण कोणी नीट वापरत नव्हतं, कशाला वापरतील, पाणी लागतं, खर्च होतो, आणि ते ॲसिड घेऊन करायचं काय? मग जमीनदार लोक चिडले. गरिबांचे दात गेले तेव्हा काही झालं नाही, पण लॉर्ड डर्बीसारख्यांच्या इस्टेटीतली झाडं वाळायला लागल्यावर १८६२ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहाची कमिटी बसली आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला. हा १८६३ चा अल्कली ॲक्ट, अल्कली म्हणजे सोड्यासारखे क्षार. यात पहिल्यांदा सरकारने आकडा ठरवून दिला, निघणाऱ्या ॲसिड वायूपैकी ९५ टक्के अडवलाच पाहिजे, आणि तपासायला इन्स्पेक्टर नेमला. रॉबर्ट अँगस स्मिथ नावाचा केमिस्ट. 'ॲसिड रेन' हे शब्द १८७२ च्या आपल्या पुस्तकात रूढ केले ते याच माणसाने. हवेच्या प्रदूषणावर सरकारी इन्स्पेक्टर ही कल्पनाच तेव्हा नवीन होती, आणि नवलाची गोष्ट म्हणजे कारखान्यांनी बऱ्यापैकी लवकर ऐकलं.

पण कायद्यात एक भगदाड होतं. वायू पाण्यात विरघळवा एवढंच सांगितलं, ते आम्लाचं पाणी कुठे टाकायचं ते नाही. मग ते ओढ्यात. आणि ओढ्याच्या काठावर कशाचे ढीग? गॅलिगूचे. सल्फाइडवर ॲसिड पडलं की काय होतं हे लॅबमध्ये ज्याने केलंय त्याला वास आठवेल, हायड्रोजन सल्फाइड, सडकी अंडी. म्हणजे हवेतली एक घाण पाण्यात उतरवली तर तिने जमिनीवरच्या घाणीला गाठून हवेत तिसरीच घाण सोडली. गावाची जी कीर्ती झाली ती बरीचशी या वासाची. पुढे १८७४ मध्ये कायदा वाढवला, बाकीचे वायूही त्यात आले.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. एवढं ॲसिड जबरदस्तीने जमा करायला लागल्यावर कारखानदारांच्या डोक्यात आलं की यातून क्लोरीन काढता येईल, क्लोरीनपासून ब्लीचिंग पावडर, आणि ब्लीचिंग पावडरला तर कापडाच्या आणि कागदाच्या गिरण्यांत प्रचंड मागणी. वॉल्टर वेल्डनने मँगनीज डायऑक्साइड परत परत वापरायची पद्धत काढली. आपल्या हेन्री डीकनने वेगळा रस्ता धरला, ॲसिडचा वायू आणि साधी हवा तांब्याच्या क्षारावरून गरम करून सोडायची, तांबं स्वतः संपत नाही पण काम करून देतं, म्हणजे कॅटलिस्ट. हवेतला ऑक्सिजन हायड्रोजन ओढून घेतो, पाणी होतं, क्लोरीन मोकळा. यात त्याला मदत केली फर्डिनांड हुर्टर या स्विस केमिस्टने. (हा हुर्टर आणि त्याच कारखान्यातला इंजिनियर व्हेरो ड्रिफिल्ड, दोघे फावल्या वेळात फोटो काढायचे, आणि अंदाजपंचे एक्स्पोजर देण्याचा त्यांना इतका वैताग आला की त्यांनी मोजमापं करून फिल्मवर प्रकाश किती पडला की काळेपणा किती येतो याचा आलेख काढला, १८९० मध्ये छापला. फोटोग्राफीच्या पुस्तकात आजही त्याला एच अँड डी कर्व्ह म्हणतात. जगातल्या सगळ्यात कळकट गावात प्रकाश मोजायचं शास्त्र तयार झालं, काय बोलणार.)

तर कायद्याने जी घाण अडवायला लावली तिच्यातून पैसा यायला लागला. आणि हा पैसा नंतर असा कामाला आला की त्याच्याशिवाय गाव १८८० मध्येच बसलं असतं. कारण ब्रनर आणि माँड.

माँड इंग्लंडला आला होता गॅलिगूमधलं गंधक परत मिळवायची युक्ती घेऊन. सल्फ्युरिक ॲसिड करायला गंधक बाहेरून विकत आणायचं आणि शेवटी ढिगाऱ्यावर फेकायचं हा मूर्खपणा सगळ्यांना दिसत होता. युक्ती थोडी चालली, पूर्ण नाही. त्यात त्याला बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हेची पद्धत कळली. मिठाचं पाणी, त्यात अमोनिया, त्यात कार्बन डायऑक्साइड, खायचा सोडा तळाशी बसतो, तो तापवला की धुण्याचा सोडा होतो, अमोनिया परत मिळतो. सल्फ्युरिक ॲसिड नाही, ॲसिडचा धूर नाही, गॅलिगू नाही, कोळसाही कमी. याच अमोनियाच्या मागे डीकनही आधी लागला होता, त्याला जमलं नव्हतं. माँडने परवाना घेतला, ब्रनरला बरोबर घेतलं आणि १८७३ मध्ये दोघांनी विडनेस सोडून विनिंग्टनला, नॉर्थविचजवळ, अगदी मिठाच्या साठ्यावरच कारखाना काढला. सुरुवातीची वर्षं फार वाईट गेली पण एकदा जमल्यावर त्यांचा सोडा एवढा स्वस्त पडायला लागला की लब्लाँवाल्यांना सोड्यात काही उरेना. विडनेसला बुडवणारी कंपनी विडनेसच्याच ऑफिसात जुळली होती ती अशी.

(ही ब्रनर माँड कंपनी २००६ मध्ये कोणी घेतली माहितीये? मुंबईच्या टाटा केमिकल्सने. आज तिचं नाव टाटा केमिकल्स युरोप. विनिंग्टनचा सोड्याचा प्लँट त्यांनी २०१४ मध्ये बंद केला.)

लब्लाँवाले मग जगले ते ब्लीचिंग पावडरवर. सोडा हा त्यांचा मुख्य माल होता आणि क्लोरीन जोडधंदा, ते उलटं झालं. १८९० मध्ये चाळीसहून जास्त कंपन्या एकत्र येऊन युनायटेड अल्कली कंपनी केली, तेव्हाची जगातल्या सगळ्यात मोठ्या केमिकल कंपन्यांतली एक. तिने हुर्टरला मुख्य केमिस्ट करून विडनेसला सेंट्रल लॅबोरेटरी उघडली. पण १८९७ मध्ये नदीपलीकडे रनकॉर्नला कास्टनर-केल्नर कंपनीने मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा एका झटक्यात काढायला सुरुवात केली. गेला, तो आधारही गेला. लब्लाँच्या भट्ट्या पहिल्या महायुद्धानंतर लवकरच कायमच्या विझल्या. १९२६ मध्ये चार मोठ्या कंपन्यांची मिळून इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज, म्हणजे आयसीआय झाली, त्यात युनायटेड अल्कली होती आणि ब्रनर माँडही होती, म्हणजे हरलेला आणि जिंकलेला दोघे एकाच पाटीखाली. गॉसेजचा साबण तोवर लीव्हर ब्रदर्स या साबणवाल्या कंपनीकडे गेला होता आणि १९३० च्या दशकात विडनेसचं ते कामही बंद झालं.

लॅब मात्र टिकली, आणि तिथे १९५१ मध्ये चार्ल्स सकलिंगने हॅलोथेन बनवलं. भूल द्यायचं औषध, वाफ करून हुंगवायचं. त्याआधी ईथर वापरायचे, ते पेट घेणारं, ऑपरेशन थिएटरमध्ये ठिणगी पडली की स्फोट. हॅलोथेन पेटत नाही. १९५६ पासून ते पेशंटवर वापरायला लागले आणि आपल्याकडच्या हॉस्पिटलांतही कित्येक वर्षं तेच चाललं, त्यामुळे एका पिढीतल्या बऱ्याच मराठी माणसांचं अपेंडिक्स विडनेसच्या कृपेने काढलंय असं म्हणायला हरकत नाही. या गावाबद्दल चांगलं बोलताना लोक हे विसरतात, मला ते सगळ्यात मोठं वाटतं.

हचिन्सनचं जुनं ऑफिस अजून उभं आहे. १९८९ मध्ये तिथे कॅटलिस्ट नावाचं केमिकल उद्योगाचं म्युझियम झालं. त्याच्याजवळच्या स्पाइक आयलंडवर, म्हणजे कालवा आणि नदीच्या मधल्या पट्टीवर, जिथे एकेकाळी कारखाने खेटून उभे होते, तिथे १९७० च्या दशकापासून साफसफाई करून गवत लावलं, आणि १९९० मध्ये मँचेस्टरच्या एका रॉक बँडच्या मैफलीला तिथे पंचवीस हजारांहून जास्त पोरं जमली.

उरला गॅलिगू. तो गेलेला नाही, जाणार कुठे. ७० वर्षांचा गाळ नदीकाठच्या दलदलीत भरत गेले, जमीन वर आली, त्यावर रस्ते आले, कारखाने आले, घरं आली. वरून सुकलेला दिसतो, हलवला की टूथपेस्टसारखा मऊ पडतो, त्यामुळे त्यावर पाया घालायचा म्हणजे इंजिनियरला डोकेदुखी, आणि ओला-आंबट झाला की अजूनही वास मारतो. त्यात आर्सेनिकही आहे, कारण सल्फ्युरिक ॲसिड करायला गंधकाऐवजी पायराइट नावाचं लोखंड-गंधकाचं खनिज भाजायला लागले आणि त्यात आर्सेनिक असतं. १९७० च्या दशकात अशाच एका जुन्या डंपवर गावाने सेंट मायकेल्स नावाचं गोल्फ कोर्स केलं होतं, चांगलं पंचवीसेक वर्षं लोक खेळले, आणि २००४ मध्ये मातीत आर्सेनिक सापडल्यावर बंद करावं लागलं. २०१७ मध्ये मर्सीवर सहा लेनचा नवा टोलचा पूल झाला, मर्सी गेटवे, त्याच्या विडनेसकडच्या टोकाला काम करताना ठेकेदाराला आधी जमिनीखाली काय काय पुरलंय ते तपासत, दूषित माती सांभाळत पुढे जावं लागलं.

आजही तिथे कोणी काही बांधायला काढलं की पहिला खर्च मातीच्या टेस्टचा असतो, आणि त्याचं बिल हचिन्सनला पाठवता येत नाही.